नाकानोउराच्या पथकाचं शेवटचं वर्ष

फेब्रुवारी उजाडला की नाकानोउरातल्या आया आपापल्या लेकरांना घेऊन कुनिशिगे यांच्या दुकानात येत. शाळेचे गणवेश शिवून देणारं गावात ते एकच दुकान होतं. कुनिशिगे गुडघ्यांवर बसून मुलाची छाती मोजत, बाही मोजत, पोरगं पुढच्या दोन वर्षांत किती उंचावेल याचा अंदाज घेऊन कापड थोडं जास्त धरत. आणि टेप पोराच्या कमरेभोवती असतानाच, अगदी सहज सुचल्यासारखं विचारत, "काय रे, रविवारी काय करतोस?"

आयांना हा प्रश्न पाठ झाला होता. काही जणी पोरांना दाराबाहेरच पढवून आणत. त्या वर्षी एका पोराने तर प्रश्न पुरा व्हायच्या आत घडाघडा म्हणून टाकलं, "रविवारी पोहायला जातो, मग पियानो, मग आजीकडे, आणि मला अजिबात वेळ नसतो." आई लाजून हसली. कुनिशिगेही हसले. पण नुकताच घेतलेला आकडा त्यांच्या डोक्यातून गेला आणि कंबर पुन्हा मोजावी लागली.

मायलेक गेल्यावर काउंटरमागून त्यांची बायको मासुए म्हणाली, "अहो, लोक इथे कपडे शिवायला येतात. गळाला लागायला नाही."

"मी नुसतं विचारलं."

"तुमचं नुसतं विचारणं गेली चाळीस वर्षं ऐकतेय मी. त्यांच्या कमरेला टेप असते, बिचाऱ्यांना पळताही येत नाही."

त्या वर्षी पहिलीत जाणारी मुलं होती अकरा. गावात आणखी कुणी मोजायच्या आधी ही संख्या कुनिशिगेंना कळत असे, आणि दर वर्षी ती कळली की दुपारचं जेवण त्यांना जात नसे.

कुनिशिगे तात्सुओ तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. त्यातली बेचाळीस वर्षं ते गावच्या स्काउट पथकाचे ताइचो, म्हणजे नायक, होते. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं मासुएशिवाय गावात कुणी उरलं नव्हतं, आणि तीही 'अहो'च म्हणायची. बाकी सगळे 'ताइचो'. भाजीवालीसुद्धा. ते स्वतः नवव्या वर्षी पथकात गेले होते. वडील जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डर. घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. पथकात मात्र मोठी मुलं लहानांना हाताला धरून गाठी शिकवत, चुकलं तर हसत आणि पुन्हा शिकवत. तात्सुओला वाटे, माणसांनी एकमेकांशी असंच वागावं. मोठेपणी त्यांनी दुसरं काही शोधलंच नाही.

ते ताइचो झाले त्या वर्षी पथकात चौसष्ट मुलं होती. गोदीत तीन पाळ्या चालत, गावात पोरंच पोरं. रविवारी सकाळी समुद्रकाठच्या पाइनच्या बनात चौसष्ट मुलं रांगेत उभी राहत आणि तीन बोटांनी सलामी देत, तेव्हा मासे पकडायला निघालेल्या होड्यांवरची माणसंसुद्धा मान वळवून बघत. मग गोदी बंद पडली. माणसं कुटुंब घेऊन दुसरीकडे गेली. जी राहिली त्यांना एकच मूल झालं, आणि त्या एका मुलाचा रविवार सोन्याच्या भावाचा झाला. मास्कची ती दोन वर्षं आली, एकही शिबिर झालं नाही, आणि ती संपली तेव्हा पथकात चार मुलं उरली होती.

एप्रिलमध्ये जिल्हा समितीचं पत्र आलं. भाषा फार नम्र होती. येत्या मार्चपर्यंत मुलांची संख्या आठ न झाल्यास पथकाने शहरातल्या मोठ्या पथकात सामील होण्याचा विचार करावा, असं त्यात होतं.

कुनिशिगेंनी ते पत्र मिनाएला वाचून दाखवलं. ओगुशी मिनाए ही पथकाची दुसरी प्रौढ. दवाखान्यात नर्स होती. तिचा दहा वर्षांचा युसेइ पथकात होता म्हणून ती मदतीला आली आणि मग सगळंच तिच्या गळ्यात पडलं.

"चार मुलं आणायची आहेत," कुनिशिगे म्हणाले. "चार म्हणजे काही फार नाहीत."

"ताइचो, गेल्या तीन वर्षांत किती आली?"

"ती वर्षं वाईट होती."

मिनाएने मे महिन्यातल्या एका रविवारी 'या आणि खेळून बघा' असा दिवस ठेवायचं सुचवलं. पत्रकं तिने स्वतः बनवली, त्यावर युसेइने अस्वल काढलं. शाळेने बाहेरच्या संस्थांची पत्रकं वाटता येत नाहीत असं कळवलं, तेव्हा कुनिशिगेंनी ती घरोघरी टपालपेटीत टाकली. सायकलवरून, आठ दिवस. घर कुठलं, पोर कितवीत, अंगाचं माप किती, सगळं त्यांना पाठ होतं.

आणि त्या रविवारी तेवीस मुलं आली.

कुनिशिगेंना सकाळी हे खरंच वाटेना. पाइनच्या बनात पुन्हा आरडाओरडा होत होता. दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरांच्या पुलावर पोरं ओळीने चढत होती, पडत होती, परत रांगेत घुसत होती. पथकातला सगळ्यात मोठा मुलगा हारुमा, नववीतला, लांबट हातापायांचा, पुलाखाली उभा राहून पडणाऱ्यांना झेलत होता. पथकातलीच तादांची दोन मुलं निखाऱ्यांवर मक्याच्या लाह्या फोडत होती. कुनिशिगेंनी हिरव्या बांबूच्या नळ्यांत भात शिजवला. बांबू फोडून वाफाळता भात पोरांच्या हातावर ठेवताना त्यांचे डोळे भरून आले, आणि धुरामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पाहिलंस?" ते मिनाएला म्हणाले. "पोरं तीच आहेत. काही बदललेलं नाही."

मिनाए पत्रकांचा गठ्ठा घेऊन आयांच्या घोळक्यात उभी होती. तिथलं बोलणं वेगळंच चाललं होतं.

"दर रविवारी यावं लागतं का?"

"पालकांना ड्यूटी असते का हो? ती असेल तर आमच्याकडून नाही व्हायचं."

"आमच्याकडे रविवारी फुटबॉलची मॅच असते. मॅच नसेल तेव्हा पाठवलं तर चालेल?"

"शाळेच्या प्रवेशाला याचा काही उपयोग होतो का?"

मिनाए प्रत्येकीला हसून उत्तर देत होती. दुपारी सगळ्यांनी वाकून वाकून आभार मानले. "पोरं किती खूश आहेत! पुढच्या वर्षीही ठेवा बरं का असं काहीतरी!" असं म्हणत मोटारी एकेक करून निघून गेल्या. बनात बांबूच्या फुटक्या नळ्या, उष्टी कागदी भांडी आणि दोरांचा पूल एवढंच उरलं.

आठवड्याभरात एक अर्ज आला. एकच.

त्सुगुमी आठ वर्षांची होती. वडील नव्हते. आई म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला, तिला रविवारी सुट्टी नसे. अर्ज द्यायला आई एकटीच दुकानात आली आणि दारातच म्हणाली, "ती फार बोलत नाही. घरीसुद्धा. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय," कुनिशिगे म्हणाले, "मी तिच्या वयाचा होतो तेव्हा मलाही कुणी बोलताना पाहिलं नव्हतं."

पाच मुलं झाली. कुनिशिगेंनी ठरवलं की आता यातलं एकही पोर हातचं जाऊ द्यायचं नाही. ते शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी फोन करत. रविवारी सकाळी दुकानाची गाडी घेऊन लहान मुलांना दारातून उचलत आणि दुपारी दारात सोडत. कुणाला ताप आला तर पेजेसोबत खायला घरी मुरवलेलं आंबट उमेचं लोणचं घेऊन जात. पूर्वी उशिरा येणाऱ्याला रांगेबाहेर उभं करणारे ताइचो आता उशीर झालेल्या पोराला म्हणत, "आलास ना? बस्स." मासुए हे बघत होती.

"तुम्ही पथक चालवताय की पोरांची मनधरणी करताय?"

"दोन्हीत फरक राहिला नाही आता."

जूनमध्ये तादा साहेब दुकानात आले. हातात कागदी पिशवी होती. पिशवीत दोन्ही मुलांचे स्काउटचे गणवेश होते, धुतलेले, इस्त्री केलेले, वर स्कार्फची चौकोनी घडी. सोबत गोड पुरणाच्या बनांची पेटी. कुनिशिगेंना पेटी बघूनच कळलं. इतकी महागाची पेटी माणूस निरोप घेतानाच आणतो.

"धाकट्याला फुटबॉलच्या संघात घेतलंय," तादा साहेब मान खाली घालून म्हणाले. "थोरला म्हणतो, तो नाही तर मीही नाही. ताइचो, तुम्ही त्यांच्यासाठी इतकं केलंत... मला बोलायला तोंड नाही."

"महिन्यातून एकदा आली तरी चालेल."

"नाही, म्हणजे... मुलांनाच..."

"उन्हाळी शिबिरापुरती?"

तादा साहेब आणखी खाली वाकले. मासुएने पुढे होऊन पिशवी घेतली, चहा विचारला, पोरांचं कौतुक केलं, नाहीतर तो माणूस कमरेत वाकलेलाच राहिला असता.

तीन मुलं उरली. तेव्हा कुनिशिगेंना मोरिवाकीची आठवण झाली.

मोरिवाकी हा पथकाचा जुना मुलगा. आता सत्तेचाळिशीचा, बोटीच्या धक्क्यावरच्या कचेरीचा प्रमुख. त्याला नऊ आणि सात वर्षांची दोन मुलं होती. मेमधल्या त्या रविवारी गावातली इतकी मुलं आली होती, ही दोघं आली नव्हती. कुनिशिगेंना वाटलं, पत्रक मिळालं नसेल. जुना स्काउट आहे, आपण सांगितल्यावर नाही कसा म्हणेल?

दुपारची बोट सुटून गेल्यावर ते धक्क्यावर गेले. मोरिवाकीने लगबगीने उठून खुर्ची दिली, बार्लीचा गार चहा पुढे ठेवला. "बसा ताइचो. किती दिवसांनी!"

कुनिशिगेंनी पत्राची हकिकत सांगितली, तेवीस मुलांचं सांगितलं, त्सुगुमीचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझी दोघं आली तर पाच होतील. तू बोललास तर आणखी दोन-चार बाप ऐकतील. तू आमच्यातलाच आहेस."

मोरिवाकी खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "ताइचो, मी पथक का सोडलं ते तुम्हाला आठवतं?"

कुनिशिगेंना आठवेना. इतकी मुलं आली आणि गेली होती.

"मी सोडलं नाही. तुम्ही काढलंत. सहावीत होतो. लागोपाठ तीन रविवार उशिरा आलो. तुम्ही सगळ्यांसमोर मला पुढे बोलावलंत आणि स्कार्फ काढून द्यायला सांगितलंत. 'ज्याला वेळेची किंमत नाही तो स्काउट नाही,' असं म्हणालात. साठ पोरं बघत होती."

"उशीर का व्हायचा तुला?"

"पस्तीस वर्षांनी विचारताय." मोरिवाकीच्या आवाजात राग नव्हता, उलट तो थोडासा हसलाही. "आई दवाखान्यात होती. बाबा सकाळच्या पाळीला. मी धाकट्या बहिणीला भात करून, भरवून, शेजारी सोडून यायचो. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली."

कुनिशिगे खुर्चीवरून उठले आणि जमिनीवर गुडघे टेकून वाकले. कपाळ फरशीला लागलं. बाहेर तिकीट काढायला आलेली एक बाई काचेतून बघत राहिली.

"उठा ताइचो, लोक बघतायत. उठा म्हणतो ना!" मोरिवाकीने त्यांना दंडाला धरून उठवलं. आणि मग हलकेच विचारलं, "एक सांगा. ही माफी तेव्हाची मागताय, की मुलं मिळावीत म्हणून?"

कुनिशिगेंना खरं उत्तर द्यायचं होतं, पण ते कुठलं हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"मला राग नाही," मोरिवाकी म्हणाला. "खरंच नाही. पण रविवारी सकाळी पोरांना त्या बनात सोडायला जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. यात तुम्हीही काही करू शकत नाही आणि मीही."

कुनिशिगे पायीच घरी आले. वाटेत त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, त्या काळात असे किती जणांचे स्कार्फ आपण काढून घेतले. तीन आठवले. चौथा आठवला. तेव्हा चौसष्ट मुलं होती, एखादं गेलं तर रांगेत फट दिसतही नसे. आज गावात जे बाप होते त्यांच्यात ती पोरंही होती, आणि कदाचित त्यांच्या शेजारी उभी राहून बघणारीही.

ऑगस्टमध्ये शिबिर झालं. तीन मुलं आणि दोन मोठी माणसं. तंबू दोनच लागले. शेकोटीभोवती गाणी म्हणताना आवाज इतके थोडे होते की मधल्या ओळी विरून जात. पण त्सुगुमी त्या दोन दिवसांत उमलली. तिने पहिल्याच प्रयत्नात ओल्या काटक्यांचा विस्तव पेटवला आणि हारुमाने "अरे बाप रे, ही तर आग्या वेताळ निघाली!" म्हटल्यावर ती खिदळून हसली. तिचं हसणं सगळ्यांनी प्रथमच ऐकलं. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. परतीच्या वाटेवर गाडीत तिने ताइचोंना तीस-एक प्रश्न विचारले. घुबड झोपतं कधी, दोर कसा वळतात, ताइचोंची आई कशी होती.

कुनिशिगेंना वाटलं, या एका पोरीसाठी तरी पथक राहायला हवं. त्यांनी शरदात पुन्हा कंबर कसली. शेजारच्या दोन गावांत पत्रकं टाकली. मासळीबाजाराच्या जत्रेत मिनाएबरोबर उभे राहून पोरांना गाठी शिकवल्या. पोरं गाठी शिकली, फुगे घेतले, गेली. फोन एक आला, तो जुने तंबू विकायचे आहेत का हे विचारायला.

ऑक्टोबरच्या एका दुपारी हारुमा शाळेच्या कोटाच्या बाह्या लांब करून घ्यायला दुकानात आला. फार भराभर उंचावला होता. कुनिशिगे बाहीला टाचण्या लावता लावता म्हणाले, "हारुमा, अजून पाच पोरं हवीत. तू फक्त दोन आण. तुझ्या शाळेत कुणाचे धाकटे भाऊ असतील, बहिणी असतील. तू सांगितलंस तर ऐकतील. मेमध्ये पुलाखाली तुला बघून सगळी पोरं तुझ्याच मागे लागली होती."

हारुमा काचेबाहेर रस्त्याकडे बघू लागला.

"लाजतोस कशाला? वर्गात नुसतं सांगायचं, की मी जातो, तुम्हीही या."

"वर्गात कुणाला माहीतच नाही, ताइचो."

"काय माहीत नाही?"

"मी स्काउट आहे ते." हारुमाची मान खाली गेली. "गणवेश मी पिशवीतून आणतो. बनाच्या मागे बदलतो. जाताना परत बदलतो."

कुनिशिगेंच्या बोटांतली टाचणी तशीच राहिली. "का रे?"

"हसतात म्हणून." आणि मग, एकदा बांध फुटल्यावर, तो बोलतच सुटला. "मला पाचवीतच सोडायचं होतं. आईला सांगितलंही होतं. आई म्हणाली, तू मोठा आहेस, तू सोडलंस की बाकीचीही सोडतील, पथक बंद पडेल, ताइचोंचं काय होईल. म्हणून म्हटलं, या वर्षी राहतो. मग सहावीत म्हटलं, या वर्षी राहतो. सातवीत..." त्याचा आवाज चिरकला. पंधरा वर्षांचा पोरगा एका बाहीत टाचण्या अडकवलेल्या कोटात उभा राहून रडत होता.

"शेकोटी तुला आवडत नव्हती?" कुनिशिगेंनी विचारलं. त्यांना एवढंच विचारायला सुचलं.

"आवडायची. शिबिरंही आवडायची. पण रविवारी डोळे उघडले की पहिलं हेच मनात यायचं, की मी नाही गेलो तर ताइचो त्या बनात एकटेच उभे असतील. चित्रच दिसायचं. मग उठायचो."

चार वर्षं. कुनिशिगेंनी मनात हिशेब केला नाही तरी तो आपोआप झाला. चार वर्षं ते घरोघरी सांगत होते की पथकात पोरांना हिंमत येते, जबाबदारी कळते, आणि चार वर्षं एक पोरगा एका म्हाताऱ्याचं ओझं गुपचूप वाहत होता. आपण मुलांना धरून ठेवलंय असं त्यांना वाटत होतं. पोरंच त्यांना धरून होती, आणि दमली होती.

बाहीवर खडूने खूण करून त्यांनी एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. कोट उतरवून घेतला. मग ताठ उभे राहिले आणि नेहमी बनात हुकूम देत तशा आवाजात म्हणाले, "हारुमा, तुझं काम इथे संपलं. चांगलं केलंस. आता परीक्षेचा अभ्यास कर. कोट शनिवारी घेऊन जा."

हारुमाने डोळे पुसले, सलामी दिली आणि पळाला. आतल्या खोलीतून मासुए बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. नेहमीसारखं ती काहीतरी बोलेल अशी कुनिशिगेंची अपेक्षा होती. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि सांडलेल्या दोन टाचण्या उचलू लागली.

नोव्हेंबरात मिनाए आली. "युसेइ म्हणतो, हारुमादादा नाही तर मला नाही जायचं," ती म्हणाली. "आणि ताइचो, खरं सांगायचं तर मीही थकलेय. आठवड्यात तीन रात्रपाळ्या करून रविवारी उभी राहते. मला वाटलं होतं तुम्ही थांबाल तेव्हा मी थांबेन. तुम्ही थांबतच नाही."

"चुकलंच माझं," कुनिशिगे म्हणाले. "तू जा. तू फार केलंस."

एवढ्या सहजी सुटका होईल असं तिला वाटलं नव्हतं. ती दारात उभी राहून रडली. त्याच आठवड्यात कुनिशिगेंनी जिल्हा समितीला होकाराचं पत्र लिहिलं.

आता एक त्सुगुमी राहिली, आणि ती दर वेळी नवं काहीतरी शिकायला मागत होती. कुनिशिगे मार्चपर्यंत दर रविवारी तिच्या एकटीबरोबर बनात जात. मिनाएच्या सासूबाई, ओगुशी आजी, थर्मासमध्ये चहा घेऊन सोबतीला बसत. शेवटच्या रविवारी देवळाच्या सभागृहात छोटासा समारंभ झाला. समितीचे दोन गृहस्थ आले, त्यांनी भाषणं केली, पथकाचा ध्वज घडी घालून नेला. हारुमा परीक्षा संपवून आला होता, मागे उभा होता. तादांची मुलं मॅचला गेली होती.

सगळे गेल्यावर त्सुगुमी म्हणाली, "मी वर्गात सगळ्यांना विचारलं होतं."

"काय विचारलंस?"

"येता का म्हणून. नावं लिहून घेतली होती. नऊ मुली आणि सहा मुलगे. सगळे नाही म्हणाले. दोघी म्हणाल्या आईला विचारून सांगतो, पण मग त्यांनी सांगितलंच नाही." ती जरा थांबली. "मी नीट विचारलं नसेल."

"तू नीटच विचारलंस," कुनिशिगे म्हणाले. "मी बेचाळीस वर्षं विचारतोय, मलाही नाहीच म्हणतात."

ती हसली नाही.

एप्रिलपासून ते तिला शहरातल्या पथकात नेऊ लागले. गाडीने पन्नास मिनिटं. तिची आई संकोचाने नको नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. ते पथक चांगलं होतं. अठ्ठावीस मुलं, तरुण नायक, स्वतःची इमारत. सगळ्यांनी त्सुगुमीचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. पहिल्या रविवारी तिला ज्या गाठी शिकवल्या त्या तिला येत होत्या. येतात असं ती म्हणाली नाही. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा गप्प झाली. तिसऱ्या रविवारी परतताना कुनिशिगेंनी मुद्दाम घुबडाचा विषय काढला. ती "हं" म्हणाली.

चौथ्या रविवारी गाडी तिथल्या फाटकासमोर उभी राहिली आणि त्सुगुमी उतरलीच नाही. पट्टा लावून बसून राहिली. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही. सगळे चांगले आहेत."

"मग?"

ती गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत होती. "ताइचो, आज नाही गेलं तर चालेल?"

कुनिशिगेंच्या ओठांवर बेचाळीस वर्षांची सगळी वाक्यं आली. जा, एकदा आत गेलीस की बरं वाटेल. मी इथेच बाहेर थांबतो. सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं. मग त्यांना टाचण्या लावलेल्या कोटातला हारुमा दिसला. "चालेल," ते म्हणाले. "तुला नको असेल तर नको."

रस्त्यापलीकडच्या बागेत बसून दोघांनी मासुएने दिलेले भाताचे गोळे खाल्ले. त्सुगुमीने अर्धाच खाल्ला. मग ते परत आले. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. तिने अनेकदा आभार मानले, इतके दिवस त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, आणि पुढच्या रविवारपासून यायची गरज नाही असं सांगितलं. "ती म्हणते, ताइचोही म्हणाले नको तर नको."

कुनिशिगेंनी फोन ठेवला आणि काय झालं ते मासुएला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली.

"तुम्ही तिला एकदा तरी जा म्हणालात का?"

"नाही. हारुमासारखं व्हायला नको म्हणून..."

"ती हारुमा नव्हती हो." मासुएने मान हलवली. "तिला तुम्ही जा म्हणायला हवं होतं. त्यासाठीच ती बसून राहिली होती."

कुनिशिगे ओट्याला टेकून उभे राहिले. तसंच असेल. किंवा तसं नसेलही. फाटकासमोरच्या त्या क्षणी पोरीच्या मनात काय होतं हे आता विचारायची सोय राहिली नव्हती, आणि विचारलं असतं तरी तिने त्यांना बरं वाटेल असंच काहीतरी सांगितलं असतं, जसं सगळी पोरं सांगत आली होती. मासुएने गॅस पेटवला. थोड्या वेळाने तिने त्यांच्या हातात वाटी दिली आणि बसून खा म्हणाली. ते बसले.